कॅरो-कान शिकताना आधी सी८ चा उंट बघा

डिचोलीतल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी १२ वर्षांची, बुद्धिबळातले रॅपिड (जलद डावांचे) मानांकन १४८० च्या आसपास. पांढऱ्याने १. ई४ खेळले की ती आजवर ई५ खेळत आली आणि उंट सी४, घोडा जी५ करून एफ७ वर येणाऱ्या हल्ल्यात पुन्हा पुन्हा सापडते. प्रशिक्षकांनी कॅरो-कान, म्हणजे १. ई४ ला सी६ ने उत्तर देणारा काळ्याचा बचाव, सुचवला. घरी आणलेले पुस्तक ४०० पानांचे आहे आणि मे महिन्यातल्या स्पर्धांना १० आठवडे उरले आहेत. यातले नेमके किती शिकायचे, कोणत्या क्रमाने आणि कसे?

पुस्तक तूर्त कपाटात ठेवा. अशी पुस्तके संदर्भासाठी असतात. मुलीची एखादी लाईन (चालींचा ठरलेला क्रम) चुकली की तेवढे पान उघडून बघायचे. पहिल्या पानापासून वाचत गेलात तर दहाव्या आठवड्यात तिला पंधराव्या चालीपर्यंतचा क्लासिकल (या बचावाची एक शाखा) पाठ असेल आणि समोरचा मुलगा तिसऱ्याच चालीला ई५ ढकलून मोकळा होईल.

खाली चाली लिहिताना घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह हत्ती, व वजीर, × म्हणजे मारले, + म्हणजे शह, ०-० म्हणजे किल्लेकोट, आणि आकड्यानंतर ... असेल तर ती काळ्याची चाल. पट आणि सोंगट्या समोर घेऊनच वाचा.

सी६ कशासाठी

१. ई४ सी६ २. डी४ डी५. होरॅशियो कॅरो आणि मार्कुस कान या दोघांनी १८८६ मध्ये याचे विश्लेषण मांडले, म्हणून हे नाव. पुढे कापाब्लांका, बॉटविनिक, पेट्रोसियन, कार्पोव्ह या जगज्जेत्यांनी हा बचाव खेळला. चौघेही घाई न करणारे खेळाडू, यावरून बचावाचा स्वभाव कळतो.

डी५ चे प्यादे मारले गेले तर प्याद्यानेच परत मारता यावे, यासाठी सी६. स्कँडिनेव्हियनमध्ये (१. ई४ डी५) वजिराने मारावे लागते आणि मग त्याच्यामागे घोडा लागतो. फ्रेंचमध्ये (१. ई४ ई६) डी५ ला आधार मिळतो, पण सी८ चा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडला जातो. कॅरो-कानमध्ये आधार मिळतो आणि उंटाची वाटही मोकळी राहते. अर्थात याचीही किंमत आहे. घोड्याचे सी६ हे चांगले घर प्याद्याने अडवले, आणि पुढे सी५ करायचे झाले तर तेच प्यादे दोनदा हलवावे लागते. म्हणजे एक चाल उधार घेतली. पांढऱ्याला थोडी जास्त जागा मिळणारच. इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम) पांढऱ्याच्या बाजूने +०.३, +०.४, म्हणजे अर्ध्या प्याद्याहूनही कमी फायदा दाखवते म्हणून मुलीने घाबरायचे कारण नाही. काळ्याकडून बहुतेक सगळ्याच ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीच्या पद्धतींत) तेवढे असते.

आता मुद्द्याचे. कॅरो-कानच्या प्रत्येक लाईनमध्ये मुलीने स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे: सी८ चा उंट कुठे जाणार, आणि सी५ कधी होणार? खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीचे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या फाटकाचे, दार भरती-ओहोटी बघून उघडतात-लावतात, तसे ई६ चे प्यादे. ते खेळले की दार लागले. उंट त्याआधी बाहेर पडला असला पाहिजे, नाहीतर तो आत का राहिला याचे कारण तरी सांगता आले पाहिजे. या पातळीवर कॅरो-कान खेळून हरलेले डाव तपासले तर चुका बहुतेक या दोन प्रश्नांपाशीच सापडतात. एकतर उंट आत राहतो, किंवा बाहेर जाऊन परतीची वाट नसल्याने सापडतो, किंवा सी५ कधीच होत नाही आणि पांढरा जागेच्या जोरावर गुदमरवतो.

पहिले तीन आठवडे: अॅडव्हान्स, ३. ई५

सुरुवात इथूनच करा. मुलांच्या स्पर्धांत ३. ई५ भरपूर येते, कारण ढकललेले प्यादे जोरकस दिसते. उत्तर ३... उं-एफ५. उंट बाहेर आला, पहिला प्रश्न सुटला. आता पांढऱ्याच्या चार चाली माहीत हव्यात.

सगळ्यात सोपी ४. उं-डी३. काळा मारतो: ४... उं×डी३ ५. व×डी३ ई६. पांढऱ्याचा पांढऱ्या घरांचा उंट गेला, आणि त्याची डी४, ई५ ही प्यादी काळ्या घरांवर अडकलेली. म्हणजे त्याच्याकडे उरलेला काळ्या घरांचा उंट त्याच्याच प्याद्यांनी अडवलेला. पुढे ६. घो-एफ३ व-ए५+ आणि मग व-ए६, वजिरांची अदलाबदल मागायची. पांढऱ्याने दिली तर ए६ वर घोड्याने मारायचे, आणि हल्ल्याची भीती न बाळगता निवांत डाव खेळायचा. न्यूयॉर्क १९२७ मधला निमझोविच विरुद्ध कापाब्लांका हा डाव याच लाईनचा आहे. काळ्याकडून कापाब्लांकाने पांढऱ्या घरांवर हळूहळू पकड कशी घट्ट केली, ते मुलीला सगळ्या चाली पटावर मांडून दाखवा. इंजिन न लावता, दोन बैठकांत.

४. घो-एफ३ ई६ ५. उं-ई२ ही शांत लाईन, नायजेल शॉर्टच्या नावाने ओळखली जाते. लगेच ५... सी५ खेळता येते, आणि वरच्या पातळीवर तेच जास्त महत्त्वाचे. पण तिथे पांढऱ्याचे उं-ई३ आणि नंतरचे सी४ यातून केंद्र एकदम उघडते, राजा मध्येच असतो. तुमच्या मुलीने आत्ता ५... घो-डी७ ६. ०-० एच६ करावे. एच६ ही भित्री चाल नाही. पांढरा घो-एच४ करून उंटाच्या मागे लागतो, तेव्हा त्याला एच७ हे घर लागते. पुढचा क्रम: घो-ई७, उं-एच७, घो-एफ५, उं-ई७, किल्लेकोट, आणि मग सी५. घोडा ई७ वर असताना एफ८ चा उंट अडतो, म्हणून घोड्याला एफ५ वर जागा करून द्यायची. हा क्रम तिला कारणासकट सांगता आला पाहिजे. नुसता पाठ असेल तर पांढऱ्याने एखादी चाल मागेपुढे केली की गोंधळ उडतो.

४. एच४ ही चाल साधी दिसते आणि सगळ्यात जास्त बळी घेते. ताल याने १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत बॉटविनिकविरुद्ध ती पुन्हा पुन्हा वापरली. धमकी जी४ ची आहे. काळ्याने सवयीने ४... ई६ केले तर ५. जी४ उं-ई४ ६. एफ३ उं-जी६ ७. एच५, आणि उंट एका प्याद्याच्या बदल्यात गेला. म्हणून ४... एच५. इथेच दुसरा खड्डा आहे. ५. उं-जी५ आल्यावर आता तरी ई६ करू म्हणून ५... ई६ खेळले, तर ई७ रिकामे होते आणि जी५ चा उंट थेट डी८ चा वजीर खातो. आधी ५... व-बी६, वजीर त्या तिरप्या रेषेतून बाहेर, मग ई६. या दोन चुका तिला पटावर मुद्दाम करायला लावा, प्रत्येकी तीनदा. हाताने केलेली चूक जास्त लक्षात राहते.

४. घो-सी३ ई६ ५. जी४ उं-जी६ ६. घो-ई२ ही आक्रमक लाईन. घोडा एफ४ वर येणार, एच४-एच५ ढकलणार. इथे बगलेवरच्या हल्ल्याला केंद्रात उत्तर द्यायचे: ६... सी५. मग ७. एच४ ला एच५, ८. घो-एफ४ उं-एच७. पांढऱ्याने ९. घो×एच५ करून प्यादे खाल्ले तर खाऊ द्या. ९... घो-सी६, आणि पांढऱ्याच्या राजाला कुठल्याच बाजूला सुरक्षित घर उरलेले नाही. १२ वर्षांच्या मुलीला प्यादे दिलेले आवडत नाही. म्हणून या स्थितीपासून पुढे घरीच पाच-सहा सराव डाव खेळवा. इथे स्थितीची सवय झाली की काम होते, पुढच्या चाली घोकायची गरज नाही.

चौथा-पाचवा आठवडा: एक्स्चेंज आणि पानोव्ह

३. ई×डी५ सी×डी५ नंतर पांढरा दोन वाटांनी जातो, आणि दोन्ही डाव अगदी वेगळे होतात.

४. उं-डी३ ने पांढरा एफ५ अडवतो, म्हणजे उंटाचे आवडते घर गेले. मग तो जी४ वर जाणार, पण त्यासाठी पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येण्याची वाट बघत बसायचे नाही. ४... घो-सी६ ५. सी३ घो-एफ६ ६. उं-एफ४ उं-जी४ ७. व-बी३. वजीर बी७ कडे बघतो आहे, कारण उंट घर सोडून गेला. इथे ७... व-डी७, बस. बेलग्रेड १९७० मध्ये फिशरविरुद्ध पेट्रोसियनने ७... घो-ए५ खेळले. ८. व-ए४+ उं-डी७ ९. व-सी२ झाले आणि बाहेर काढलेला उंट परत आला, घोडा कडेला पडला. फिशर जिंकला. जगज्जेता राहिलेल्या माणसाकडूनही इथे चाल वाया जाते, एवढे मुलीला सांगायला पुरे.

व-डी७ नंतर साधारण ८. घो-डी२ ई६ ९. घो-एफ३ उं×एफ३ १०. घो×एफ३ उं-डी६. दार लावण्याआधी उंट बाहेर पडला आणि घोड्याबरोबर बदलून झाला. पुढची योजना वजिराच्या बाजूला: हत्ती बी८ वर, बी५, मग बी४. काळ्याची दोन प्यादी पांढऱ्याच्या तिघांवर जातात, आणि बी४ वर अदलाबदल झाली की पांढऱ्याचे सी३ किंवा डी४ कमकुवत होते. याला अल्पसंख्य हल्ला म्हणतात. त्याला वीसेक चाली लागतात, आणि मुले इथे कंटाळून राजाच्या बाजूला काहीतरी करायला जातात. तसे करू देऊ नका.

४. सी४ हा पानोव्ह. ४... घो-एफ६ ५. घो-सी३ ई६. होय, इथे आपण उंट आत असताना दार लावतो आहोत. कारण आता केंद्र खुले होणार आणि डी५ ची पकड उंटापेक्षा महत्त्वाची. ६. घो-एफ३ उं-ई७ ७. सी×डी५ घो×डी५ ८. उं-डी३ घो-सी६ ९. ०-० ०-०. पांढऱ्याचे डी४ चे प्यादे एकाकी झाले, शेजारी सी आणि ई वर त्याचे एकही प्यादे नाही. काळ्याचे काम तीन गोष्टींचे: डी५ वर घोडा रोवून ते प्यादे थांबवणे, घोडे-उंट बदलून हल्ल्याची धार कमी करणे, आणि आतला उंट बी६-उं-बी७ किंवा उं-डी७-सी६ मार्गाने बाहेर काढणे. पांढऱ्याला डी४-डी५ ढकलता आले तर सगळे उलटते. म्हणून प्रत्येक चालीआधी तिने एकच बघायचे: आता डी५ ढकलले तर?

५... घो-सी६ ६. घो-एफ३ उं-जी४ ही दुसरी लाईन बऱ्याच व्हिडिओंत दिसते. ती ७. सी×डी५ घो×डी५ ८. व-बी३ उं×एफ३ ९. जी×एफ३ ई६ १०. व×बी७ घो×डी४ अशी तेराव्या चालीपर्यंत एकाच दोरीवरून चालते आणि काळ्याचा राजा ई७ वर येतो. चाल विसरली की डाव गेला. या वर्षी नको.

२. सी४ करून पांढरा थोड्या वेगळ्या वाटेने येतो तेव्हा २... डी५ ३. ई×डी५ सी×डी५ ४. सी×डी५ घो-एफ६. वजिराने लगेच मारू नये, घो-सी३ येऊन चाल फुकट जाते. घोड्याने सावकाश परत घ्यायचे.

सहावा-सातवा: मुख्य लाईन, आणि एक निवड

३. घो-सी३ किंवा ३. घो-डी२, दोन्हींना डी×ई४ ४. घो×ई४. इथून स्थिती एकच, म्हणून घो-डी२ वेगळे शिकायला नको.

आता काळ्याकडे तीन रस्ते. माझे मत स्पष्ट आहे: १० आठवडे आहेत तर ४... घो-एफ६ ५. घो×एफ६+ ई×एफ६, म्हणजे तार्ताकोवर. ई चे प्यादे एफ वर गेले, ई६ करायची गरजच संपली, दार कायमचे उघडे. उंट कधीही, कुठेही जातो. नेहमीचा क्रम: ६. सी३ उं-डी६ ७. उं-डी३ ०-० ८. व-सी२ ह-ई८+ ९. घो-ई२ एच५. आठव्या चालीला पांढऱ्याचे उंट आणि वजीर एच७ वर नेम धरतात. एच५ ने प्यादे त्या नेमातून बाहेर जाते आणि पुढे एच४-एच३ ची धमकीही तयार होते. शह आधी, एच५ नंतर. हा क्रम उलटा करायचा नाही.

याची किंमत शेवटी मोजावी लागते. काळ्याच्या एफ वर जोडप्यादी (एकाच उभ्या पट्टीवर दोन प्यादी) आहेत. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची ४ आणि काळ्याची ३. सगळ्या सोंगट्या बदलून फक्त राजे आणि प्यादी उरली, तर पांढरा तिकडे नवे वाटसरू प्यादे (ज्याला अडवायला समोर विरोधी प्यादे नाही असे) काढतो आणि काळ्याला जोडप्याद्यांमुळे दुसऱ्या बाजूला तसे करणे जमत नाही. म्हणून या लाईनमध्ये हत्ती आणि निदान एक हलकी सोंगटी (घोडा किंवा उंट) ठेवायची. एकदा घरी पटावर फक्त राजे आणि प्यादी मांडून तिला काळ्याकडून खेळायला द्या. दोन डावांत कळेल की वजीर बदलताना विचार का करायचा.

दुसरा रस्ता ४... उं-एफ५, क्लासिकल. ५. घो-जी३ उं-जी६ ६. एच४ एच६. इथे सहाव्या चालीला घो-डी७ केले तर ७. एच५ ने उंट गेला: एफ५ आणि ई४ वर घोड्याचा डोळा, डी३ आणि सी२ वर पांढऱ्याच्या सोंगट्या. एच६ नंतर ७. घो-एफ३ घो-डी७ ८. एच५ उं-एच७ ९. उं-डी३ उं×डी३ १०. व×डी३ ई६. भक्कम स्थिती आहे, पण पांढरा लांब बाजूला किल्लेकोट करून एच५ च्या प्याद्याच्या जोरावर बराच वेळ दाबत राहतो, आणि ते दडपण सोसायला सवय लागते.

तिसरा ४... घो-डी७. यातले दोन सापळे तिने पाहून ठेवावेत, खेळायची लाईन म्हणून नव्हे. ५. व-ई२ ला ५... घो-एफ६ केले की ६. घो-डी६ मात. ई७ चे प्यादे वजिरासमोर बांधलेले, घोड्याला मारू शकत नाही. आणि ५. घो-जी५ घो-एफ६ ६. उं-डी३ ई६ ७. घो१-एफ३ (पहिल्या ओळीतला घोडा एफ३ वर) नंतर ७... एच६ ला ८. घो×ई६. मे १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या आणि शेवटच्या डावात कास्पारोव्ह इथेच कोसळला, १९ चालींत. ७... उं-डी६ हवे होते.

आठवा: उरलेले

टू नाइट्स, २. घो-सी३ डी५ ३. घो-एफ३. पांढऱ्याने डी४ केलेले नाही, आणि तोच फास आहे. सवयीने ३... डी×ई४ ४. घो×ई४ उं-एफ५ ५. घो-जी३ उं-जी६ ६. एच४ एच६ केले, की डी४ ची वाचलेली चाल वापरून ७. घो-ई५ उं-एच७ ८. व-एच५ जी६ ९. उं-सी४. वजीर मारला तर १०. उं×एफ७ मात, न मारता ई६ केले तर वजीर ई२ वर परत जातो आणि काळ्याची राजाची बाजू भोकांनी भरलेली उरते. योग्य उत्तर ३... उं-जी४ ४. एच३ उं×एफ३ ५. व×एफ३ ई६. उंट दिला, पण दार लावण्याआधी दिला, आणि आता काळ्याची सी६, डी५, ई६ प्यादी पांढऱ्या घरांवर असल्याने उरलेला काळ्या घरांचा उंट मोकळा आहे. १९६० मध्ये तालने पाचव्या चालीला बॉटविनिकविरुद्ध जी×एफ३ केले होते. कोणी केलेच तर पाया तोच, ई६ आणि शांतपणे सोंगट्या काढणे.

फँटसी, ३. एफ३: डी×ई४ ४. एफ×ई४ ई५. पांढऱ्याने ५. डी×ई५ खाल्ले तर व-एच४+ ६. जी३ व×ई४+, आणि एच१ चा हत्ती जातो. ५. घो-एफ३ ला ५... उं-ई६, म्हणजे सी४ वर पांढऱ्याचा उंट बसत नाही. ५... ई×डी४ नको, ६. उं-सी४ आला की एफ७ वरचा तोच जुना त्रास सुरू होतो.

२. उं-सी४ खेळणारी मुलेही भेटतील. डी५ ढकलले की उंटालाच हलावे लागते. ज्या उंटाने ती आजवर हरत आली, त्याच्यावर पहिल्याच धक्क्यात एक चाल मिळते. २. डी३ ला डी५ ३. घो-डी२ ई५, आणि इथे कॅरो-कान विसरून सरळ केंद्र घ्यायचे.

सराव कसा

एक वही करा, प्रत्येक लाईनला एक पान. वर आठ ते दहा चाली, खाली तीन ओळी: उंट कुठे गेला, सी५ कधी, आणि या लाईनमधली जीवघेणी चूक कोणती. पान मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहायचे. छापील पान उपयोगी पडत नाही. नवी लाईन शिकल्यावर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी कोऱ्या पटावर मांडायची. अडली तर वही उघडायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

डाव खेळायला १५ मिनिटे अधिक प्रत्येक चालीला १० सेकंद ही वेळ ठेवा. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये ओपनिंगची सवय होत नाही, नुसता हात वेगात चालतो. आठवड्याला सहा डाव पुरे, पण प्रत्येक डावानंतर पहिल्या बारा चाली वहीशी ताडून बघायच्या. कोण पहिल्यांदा वहीबाहेर गेले, ती का तो, एवढेच लिहायचे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मानांकनाचा गट निवडता येतो. १४०० आणि १६०० निवडून ३. ई५ नंतर लोक प्रत्यक्षात काय खेळतात ते पाहा. ग्रँडमास्टरांच्या डावांपेक्षा चित्र बरेच वेगळे दिसेल, आणि वहीतल्या कोणत्या पानांना जास्त वेळ द्यायचा ते तिथूनच ठरवा. तिथली स्टडी सोय फुकट आहे, वहीची नक्कल तिथे ठेवता येते. डेटाबेसमध्ये शोधताना कॅरो-कानचे सांकेतिक क्रमांक बी१० ते बी१९: अॅडव्हान्स बी१२, एक्स्चेंज बी१३, तार्ताकोवर बी१५, टू नाइट्स बी११.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) विश्वचषक झाला. बाद पद्धत, प्रत्येक फेरीत दोन क्लासिकल डाव आणि बरोबरी झाली तर कमी वेळेचे टायब्रेक. तिथले डाव बघून आलेल्या मुलांना आपणही तशीच नवी ओपनिंग खेळावी असे वाटते. पण त्या खेळाडूंच्या चालींमागे महिनोन्‌महिन्यांची तयारी असते. तालुक्याच्या रविवारच्या स्पर्धेत एका दिवसात सहा-सात रॅपिड डाव होतात आणि पाचव्या डावापर्यंत डोके थकलेले असते. तिथे कमी लाईन आणि ओळखीची स्थिती जास्त गुण देतात. लिऑन मेंडोंसा, अनुराग म्हामल, भक्ती कुलकर्णी या गोव्यातल्या खेळाडूंचे काळ्याकडचे डाव जरूर बघा. पण डोळा चालींवर कमी आणि घड्याळावर जास्त ठेवा: ओपनिंगमध्ये ते किती वेळ घालवतात आणि तो कुठल्या चालीपाशी.

नववा-दहावा आठवडा नवे काही न शिकता फक्त डाव. यात एक-दोनदा अॅडव्हान्समध्ये हरेल, बहुधा सी५ उशिरा झाल्यामुळे. त्या डावात सी५ कोणत्या चालीला करता आले असते ते शोधा आणि वहीच्या त्या पानावर लाल शाईने लिहा. १७०० च्या पुढे गेली की तार्ताकोवर ठेवून क्लासिकलची भर घाला, आणि अॅडव्हान्समध्ये पाचव्या चालीचे सी५ सुरू करा.

तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न येईलच: १. डी४ ला काय? कॅरो-कान फक्त ई४ साठी आहे. सी६-डी५ ची सवय झालेल्या मुलीला स्लाव्ह बचाव जवळचा वाटेल, १. डी४ डी५ २. सी४ सी६. पण ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ नंतर उंट लगेच एफ५ वर काढू देऊ नका. ५. सी×डी५ सी×डी५ ६. व-बी३ येतो, आणि बी७ व डी५ एकाच वेळी राखताना उंटाला परत सी८ वर यायची वेळ येते. आधी ४... डी×सी४, मग उंट.